पुण्याहून बंगळूरला बिऱ्हाड हलवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे ते बंगळूर हे अंतर रस्त्याने साधारण ८४० किलोमीटर आहे. आमचे बिऱ्हाड या मार्गाने एकदा गेले, परत आले आणि पुन्हा गेले. तेव्हापासून ओळखीचे आणि अनोळखी लोक जे प्रश्न पाठवत आहेत, ते येथे एकत्र केले आहेत. सामानाचे नुकसान रस्त्यात होते, पण ते भरून मिळणार की नाही हे ट्रक दारात येण्यापूर्वीच्या कागदावर ठरते. त्यामुळे अनेक उत्तरांत कागदाचाच विषय पुन्हा निघेल, त्याला इलाज नाही.

१. तयारी किती दिवस आधी सुरू करावी आणि सुरुवात कुठून करावी?

चार आठवडे पुरतात. सुरुवात माळ्यापासून करावी. माळ्यावर नेमके काय आहे हे घरात कोणालाच पूर्ण ठाऊक नसते, आणि दर ठरवायला आलेला माणूस वर एक नजर टाकून अंदाजाने जो आकडा धरतो, तो तुमच्या फायद्याचा क्वचितच असतो. म्हणून दर मागवण्यापूर्वीच रद्दी, भंगार, बोहारणीला द्यायचे कपडे आणि नातेवाइकांनी ‘जरा ठेवून घ्या’ म्हणून दिलेल्या वस्तू मार्गी लावाव्यात. महिनाअखेर आणि एप्रिल-मेची सुट्टी टाळता आली तर टाळावी. भाडेकरार बहुधा महिन्याच्या शेवटी संपत असल्याने त्या दिवसांत एकच टोळी दिवसाला दोन घरे उरकते, आणि दुसऱ्या घराच्या वाट्याला थकलेले हात येतात.

२. तीन कंपन्यांनी तीन दर सांगितले आहेत. फोनवर सांगितलेला दर सर्वांत कमी आहे. तो घ्यावा का?

घर न पाहता दिलेला दर हा दर नसतो, ते आमंत्रण असते. सामान चढवताना ‘एवढे असेल असे वाटले नव्हते’ हे वाक्य हमखास ऐकू येते, आणि तोपर्यंत अर्धे घर गाडीत गेलेले असते. घरी येऊन किंवा निदान व्हिडिओ कॉलवर प्रत्येक खोली पाहणाऱ्याकडूनच लेखी दर घ्यावा. दोन्हीकडचे मजले, लिफ्ट आहे की नाही, गाडी दारापर्यंत येते की शंभर पावलांवर थांबते, पलंग-कपाटे खोलणे आणि पुन्हा जोडणे, पॅकिंगचे साहित्य, टोल, वस्तू व सेवा कर आणि विमा यांचा त्यात स्वतंत्र उल्लेख हवा. ‘सर्व काही धरून’ या शब्दांवर समाधान मानू नये.

नावाचीही खात्री करावी. प्रसिद्ध कंपनीच्या नावाला मागे-पुढे एखादा शब्द जोडून धंदा करणारे बरेच आहेत. दरपत्रकावरील जीएसटी क्रमांक शासनाच्या जीएसटी संकेतस्थळावर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की रद्द झाला आहे हे लगेच दिसते. तो क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली, तर पुढे चौकशी करण्याची गरज नाही.

३. सामान चार दिवसांत येणार होते. आज अकरावा दिवस आहे आणि रोज ‘उद्या’ असे उत्तर मिळते. असे का होते?

बहुतेक वेळा तुमचे सामान ‘पार्ट लोड’ म्हणून गेलेले असते. दोन शयनकक्षांच्या घराचे सामान साधारण चौदा ते सतरा फुटी गाडीत मावते. संपूर्ण गाडी तुमची असेल तर ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पोहोचायला हरकत नसते. पार्ट लोडमध्ये मात्र सामान आधी शहराबाहेरच्या गोदामात उतरते, इतरांचे सामान जमून मोठी गाडी भरेपर्यंत तेथे थांबते, बंगळूरच्या बाहेरील गोदामात पुन्हा उतरते आणि मग लहान गाडीने घरी येते. म्हणजे तुमचे कपाट दोनदा ऐवजी सहा वेळा हाताळले जाते. ओरखडे आणि पोचे बहुतेक या चढ-उतारीतच येतात, खंबाटकी घाट उगाच बदनाम होतो.

स्वस्तात जात असेल तर पार्ट लोड घ्यायला हरकत नाही, पण ते जाणूनबुजून घ्यावे. दरपत्रकावर ‘पूर्ण गाडी, वाटेत माल बदलणार नाही’ किंवा ‘पार्ट लोड’ यांपैकी एक स्पष्ट लिहून घ्यावे आणि पोहोचवण्याची अखेरची तारीखही टाकून घ्यावी. पूर्ण गाडी ठरली असेल तर चढवून झाल्यावर गाडीच्या क्रमांकाचे छायाचित्र काढावे. बंगळूरला वेगळ्याच क्रमांकाची गाडी आली, तर मधल्या काळात काय झाले ते विचारण्याचा तुमचा हक्क शाबूत राहतो.

पावसाळ्यात खरोखरच रस्ता अडतो, हेही मान्य करायला हवे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरजवळ हा महामार्ग अनेक दिवस बंद होता आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसेच घडले. जुलै-ऑगस्टमध्ये निघायचे असेल तर गाद्या आणि पुस्तके प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घ्यावीत, आणि ताडपत्रीच्या उघड्या गाडीऐवजी बंद पेटीची गाडी मागावी.

४. सामानाची यादी कंपनीचे लोक करतातच. मग आपण वेगळी कशाला करायची?

कारण त्यांची यादी त्यांच्या सोयीची असते. तिच्यात ‘खोकी – ३१’ असे लिहिलेले असते आणि लाकडी सामानापुढे सरसकट ‘जुने, ओरखडे’ असा शेरा असतो. उद्या कपाटाची कड निघाली तर ती आधीपासूनच निघालेली होती, असे तो शेरा सांगणार.

आमच्या पहिल्या खेपेला ३१ खोकी निघाली आणि ३१ पोहोचली. मोजून सही केली. रात्री स्वयंपाकघराचे खोके उघडले, तर त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पितळी सोऱ्या, चकलीच्या आणि शेवेच्या चकत्या आणि कोणाच्या तरी देव्हाऱ्यातील घंटा निघाली. आमचा कुकर आणि मिक्सरची भांडी त्यात नव्हती. आकडा बरोबर होता, खोके भलतेच होते. (पुढे काय झाले, ते प्रश्न १५ मध्ये.)

तेव्हापासूनची आमची पद्धत अशी : प्रत्येक खोक्याच्या तीन बाजूंना क्रमांक, आडनाव आणि खोली जाड शाईने लिहायची. खोके बंद करण्यापूर्वी आतल्या वस्तूंचे वरून एक छायाचित्र काढायचे. वहीत क्रमांकापुढे दोन-चार शब्द लिहायचे, उदाहरणार्थ ‘१७ – कुकर, मिक्सरची भांडी, पोळपाट’. लाकडी सामान आणि उपकरणे यांची चारही बाजूंची छायाचित्रे घ्यायची आणि दूरदर्शन संच चालू स्थितीत दाखवायचा. ही यादी दोन प्रतींत करून निघतानाच पर्यवेक्षकाची सही घ्यायची. उतरवताना एकाने दारात वही घेऊन उभे राहायचे आणि क्रमांक पुकारला गेल्याशिवाय एकही खोके आत जाऊ द्यायचे नाही. हमाल कुरकुर करतात. त्यांना चहा द्यावा, पण वही सोडू नये.

५. फ्रिज, वॉशिंग मशिन, एसी आणि इन्व्हर्टर यांची काय काळजी घ्यावी?

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून, कोरडा पुसावा आणि उभाच न्यावा. आडवा केल्यास कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत शिरते. नव्या घरी तो उभा आला असला तरी काही तास, आणि आडवा आला असल्याची शंका असेल तर पूर्ण दिवस थांबून मगच चालू करावा.

समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशिनबरोबर पहिल्या दिवशी काही लांब बोल्ट आलेले असतात. ते मागच्या बाजूने बसवले की आतला ड्रम हलत नाही. घरोघरी ते ‘कशाचे तरी सुटे भाग’ म्हणून टाकून दिले जातात. नसतील तर मशिनच्या कंपनीच्या सेवा केंद्रातून मागवावेत. त्यांच्याशिवाय ८४० किलोमीटर गेलेल्या मशिनचा ड्रम पहिल्याच धुण्यात खडखडू लागतो, आणि हे नुकसान विम्यात सहसा बसत नाही (प्रश्न ९ पाहा).

एसी काढताना तंत्रज्ञाकडून आतील वायू बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करून घ्यावा. कामगाराने नुसता पाना फिरवून नळी सोडली, तर वायू उडून जातो आणि नव्या घरी तो भरण्याचा खर्च पडतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्ल असते, ती उभीच राहिली पाहिजे आणि तिच्याजवळ कपडे किंवा पुस्तके नसावीत. शक्य असेल तर ती पुण्यातच विकावी.

६. पलंग जोडताना दर वेळी स्क्रू कमी पडतात. उपाय काय?

सर्व स्क्रू एका डब्यात ठेवू नयेत. ज्या वस्तूचे स्क्रू, त्यांची पुरचुंडी त्याच वस्तूच्या फळीला सुतळीने बांधावी आणि खोलण्यापूर्वी सांध्यांची छायाचित्रे काढावीत.

७. गॅस सिलिंडर ट्रकमध्ये नेता येतो का?

नाही. भरलेला नाही, आणि ‘जवळजवळ रिकामा’ही नाही. दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर आपल्या वितरकाकडे जमा करायचे असतात. तो अनामत परत करून जोडणी वर्ग करण्याचा कागद देतो आणि तो दाखवून नव्या शहरातील वितरकाकडे जोडणी घेता येते. अनामत मात्र तेथे चालू दराने भरावी लागते, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या जोडणीची परत मिळालेली रक्कम पाहून अनेकांना धक्का बसतो. शेगडी नेता येते. बर्नर काढून ती कोरडी बांधावी.

८. लोणची, साठवणीचे धान्य, तुळस आणि पाटा-वरवंटा यांचे काय करावे?

लोणच्याची बरणी कितीही घट्ट बांधली तरी तेल वाट काढते आणि ते नेमके गादीत मुरते. एक लहान बरणी स्वतःबरोबर घ्यावी, उरलेली पुण्यातच वाटून टाकावी. धान्य महिनाभर आधीपासून संपवत आणावे.

कुंड्या बंद गाडीत अंधारात आणि उष्णतेत टिकत नाहीत. आमची तुळस पहिल्या खेपेत काडी होऊन उतरली. दुसऱ्या खेपेत वाळलेल्या मंजिऱ्या कागदाच्या पुडीत नेल्या आणि बंगळूरच्या तांबड्या मातीत त्या छान रुजल्या.

पाटा जड असला तरी नाजूक असतो. उभा ठेवला आणि आपटला तर दुभंगतो. गोणपाटात गुंडाळून गाडीच्या तळाशी आडवा ठेवावा आणि यादीत ‘दगड’ असे न लिहिता ‘पाटा’ असे लिहावे, नाहीतर नुकसानभरपाई मागताना हसू होते.

९. ‘विमा आमच्याकडेच आहे, तीन टक्के द्या’ असे कंपनीने सांगितले. एवढे पुरे का?

बहुधा नाही. येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली जाते. एक म्हणजे विमा कंपनीने दिलेला प्रवासविमा, ज्याचे प्रमाणपत्र असते आणि त्यावर तुमचे नाव, प्रवासाचा मार्ग व घोषित किंमत छापलेली असते. दुसरी म्हणजे मूल्यावर आकारलेला जादा आकार, जो वाहतूकदार स्वतःच घेतो आणि त्या बदल्यात जोखीम पत्करल्याचे सांगतो. दुसऱ्या प्रकारात विमा कंपनीचा संबंध नसतो, आणि भरपाई वाहतूकदाराच्या मर्जीवर व तुमच्या चिकाटीवर अवलंबून राहते. म्हणून पैसे देण्यापूर्वी ‘प्रमाणपत्र कोणत्या विमा कंपनीचे आणि ते गाडी निघण्यापूर्वी मिळेल का?’ एवढेच विचारावे.

खरा विमा असला तरी त्यातील वगळलेल्या बाबी वाचाव्यात. मालकाने स्वतः भरलेली खोकी, आतून झालेला विद्युत किंवा यांत्रिक बिघाड, रोकड व दागिने, आणि केवळ ओरखडे हे प्रकार सहसा वगळलेले असतात. काचेची भांडी स्वतः निगुतीने भरण्याचा मोह होतो, आणि नेमकी तीच फुटली तर दावा नाकारला जातो. घोषित किंमत कमी दाखवून हप्ता वाचवू नये, कारण भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते.

बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेताना वाहतूकदार देतो त्या पावतीवर, ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का असतो, तोही पाहावा. त्या शिक्क्याने वाहतूकदाराची कायदेशीर जबाबदारी संपत नाही, ती मर्यादित होते (प्रश्न १२).

१०. चालकाने निपाणीहून फोन करून ‘तपासणी नाक्यावर कर भरावा लागेल, पैसे पाठवा’ असे सांगितले. खरे आहे का?

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटी संकेतस्थळावर काढायचा परवाना-कागद) लागत नाही, ते नियमातच वगळलेले आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यसीमेवरील विक्रीकराचे नाकेही बंद झाले. तरीही ‘हे माझे स्वतःचे वापरलेले घरगुती सामान असून विक्रीसाठी नाही’ असे सहीचे पत्र, ओळखपत्राची प्रत आणि सामानाची यादी चालकाजवळ द्यावी. गाडीत जादा भार असेल किंवा गाडीची कागदपत्रे अपुरी असतील तर दंड होतो, पण तो गाडीमालकाचा असतो. पैसे चालकाला थेट पाठवू नयेत, कंपनीला लेखी विचारावे.

११. गाडी दारात आली आहे, पण ठरल्यापेक्षा बारा हजार जादा दिल्याशिवाय सामान उतरवणार नाही म्हणतात. काय करावे?

ठरलेले भाडे थकले असेल तर वाहतूकदार सामान रोखू शकतो. ठरल्याबाहेरच्या मागणीसाठी तसे करता येत नाही. म्हणूनच प्रश्न २ मधील तपशीलवार दरपत्रक येथे कामी येते. आधी त्यातील उरलेली रक्कम बँकेमार्फत भरावी, जेणेकरून थकबाकी काहीच राहत नाही. मग जादा मागणी संदेशाद्वारे लेखी मागावी. बरेच जण येथेच नरमतात, कारण असली मागणी तोंडीच करायची असते. नरमले नाहीत तर ११२ वर पोलिसांना बोलवावे. बरोबर लहान मूल किंवा आजारी माणूस असेल आणि पैसे देऊन सुटका करून घ्यावीशी वाटली, तर त्यात कमीपणा नाही, पण ‘हरकत नोंदवून दिले’ असे लिहून पावती घ्यावी. पुढची तक्रार प्रश्न १२ प्रमाणे करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

१२. ‘सर्व सामान सुस्थितीत मिळाले’ यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी दूरदर्शन संचाला तडा दिसला. आता काही करता येईल का?

येते, पण वाट अवघड होते. त्याच दिवशी छायाचित्रांसह ई-मेल पाठवावा आणि तडा गेलेली वस्तू व तिचे पॅकिंग टाकून देऊ नये. विमा असेल तर विमा कंपनीलाही ताबडतोब कळवावे. रस्ते मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार वाहतूकदाराविरुद्ध दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती सामान बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेली पाहिजे. ‘बघतो, सांगतो’ यात अनेकांचे हे सहा महिने निघून जातात. जादा जोखमीचा दर भरलेला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी २०११ च्या नियमांनुसार भाड्याच्या दहापटीपर्यंत आणि घोषित किमतीच्या मर्यादेत राहते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क लागत नाही.

पुढच्या वेळी पावतीवर सही करताना ‘खोकी न उघडता, फक्त संख्या मोजून घेतली’ असे स्वहस्ते लिहावे.

१३. दुचाकी कशी न्यावी, आणि एमएच क्रमांकावर कर्नाटकात किती दिवस चालवता येते?

दुचाकी त्याच ट्रकमध्ये किंवा रेल्वेच्या पार्सल कार्यालयातून पाठवता येते. रेल्वेसाठी पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि नोंदणीपत्र, विमा व ओळखपत्राच्या प्रती द्याव्या लागतात. आरसे काढून स्वतःजवळ ठेवावेत. पोहोचल्यावर लगेच सोडवावी, नाहीतर फलाटावर पडून राहिल्याचा आकार चढत जातो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात वाहन बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचे असेल तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी पुण्याच्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो, आणि वाहनावर कर्ज असेल तर आधी बँकेचे पत्र. हे काम पुणे सोडण्यापूर्वी मार्गी लावणे सोपे पडते. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या, देशभर चालणाऱ्या बीएच (भारत) मालिकेचा क्रमांक असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

१४. वडील ७८ वर्षांचे आहेत आणि घर सोडण्याच्या कल्पनेने जेवेनासे झाले आहेत. त्यांना कसे न्यावे?

पॅकिंगच्या दिवशी त्यांना घरात ठेवू नये. चाळीस वर्षांची भांडी अनोळखी माणसे दोन तासांत खोक्यांत कोंबताना पाहणे तरुणांनाही सोसत नाही. कोणातरी आप्ताकडे त्यांची सोय करावी आणि सामान लागल्यावर एकाने त्यांना आणावे. नव्या घरात सर्वांत आधी त्यांची खाट लावावी, आणि घड्याळ, रेडिओ, चष्म्याचा डबा जुन्या जागी जसे होते तसेच ठेवावेत. महिनाभराची औषधे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तुमच्या हातातील पिशवीत असाव्यात. दागिने, मूळ कागदपत्रे आणि देव्हाऱ्यातील देवही त्याच पिशवीत ठेवावेत, ट्रकमध्ये देऊ नयेत.

माझ्या सासऱ्यांनी काय न्यायचे या चर्चेत एकदाही तोंड उघडले नाही, पण निघताना दाराची जुनी कडी स्क्रूड्रायव्हरने काढून खिशात टाकली. घरमालकाला तिचे पैसे दिले.

१५. दुसऱ्याच कुटुंबाचे खोके आमच्याकडे आले आहे. कंपनी फोन उचलत नाही. ते आमचे समजावे का?

नाही. ते न उघडता, आणि उघडले गेले असेल तर आहे तसे, छायाचित्र काढून बाजूला ठेवावे आणि कंपनीला लेखी कळवावे. मग खोक्यावर काही खूण आहे का ते पाहावे. आमच्याकडे आलेल्या खोक्यावर पुसट अक्षरांत दुसरे आडनाव आणि ‘हुबळी’ असे होते. आम्ही कंपनीच्या गोदामात जाऊन बसलो आणि त्या तारखेच्या बिल्ट्या दाखवा म्हणालो. हुबळीला उतरलेले एकच घर त्यात निघाले. त्यांच्याकडे आमचे सतरा नंबरचे खोके स्वयंपाकघराच्या ओट्याखाली तसेच बंद होते. दिवाळीला नऊ दिवस राहिले असताना सोऱ्या बसने हुबळीला गेला. उलट टपाली आमचा कुकर आला, आणि त्यात भाजणीच्या चकल्यांची पिशवी होती.